गुडघ्याला तारण नसते

कुस्तीच्या फडात आपली नजर आधी धिप्पाड गड्यावर जाते. सांगलीकडचे, कवठेपिरानचे मारुती माने तसे. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण मिळवले. सातारा जिल्ह्यातले, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मात्र लहान चणीचे. १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोत कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. माझा जन्म बँकेत गेला; असले कर्ज कोणत्याही नियमात बसत नाही!

हे आपण कौतुकाने सांगतो. पुढचे सहसा सांगत नाही. १९५६ च्या मेलबर्नआधी खाशाबांचा गुडघा दुखावला आणि ऑलिंपिक कायमचे राहिले. पोलीस खात्यातली नोकरी तेवढी हाताशी होती.

आजच्या पोराजवळ तीही नसते. म्हणून माझे म्हणणे आहे, की जत्रा कमिट्यांनी इनामाच्या प्रत्येक रुपयातले पाच पैसे जायबंदी मल्लांच्या उपचारासाठी आधीच बाजूला काढावेत. पंचांना हे जड जाईल खरे. पण शस्त्रक्रियेसाठी दावणीची म्हैस सोडताना बापाला जे जड जाते, त्याहून जास्त नाही.