ज्ञानाच्या वाटेवरील जकातनाका

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ साली प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा आली. तिलाच १९२५ पासून हाफकीन संस्था म्हणतात. या शतकापूर्वीच्या शतकाच्या आरंभी तेथे जे संशोधन झाले त्याचे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’ या ब्रिटिश नियतकालिकात क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत गेले. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या तेव्हाच्या गावांत पकडलेले उंदीर, त्यांच्या अंगावरील पिसवा आणि माणसांचे मृत्यू यांच्या नोंदी त्या अहवालांत आहेत. उंदरांवरील पिसवा हा रोग माणसांपर्यंत आणतात, ही गोष्ट जगाला पटली ती मोठ्या प्रमाणात मुंबईच्या या नोंदींमुळे.

हे सर्व अहवाल आज लालबागच्या चाळीतील विद्यार्थी हातातल्या मोबाइलवर एक पैसाही न देता वाचू शकतो. परंतु ज्या भांडारात ते ठेवले आहेत ते परळमध्ये नाही आणि दिल्लीतही नाही. अमेरिकेच्या सरकारी वैद्यक ग्रंथालयाने २००० साली ‘पबमेड सेंट्रल’ नावाचा जो खुला माहितीसंचय उघडला, त्यात ते आहेत. ज्यांच्या घरांत उंदीर मेले आणि माणसेही मेली, त्यांच्या नातवंडांना आपला इतिहास परक्या सरकारच्या कपाटातून वाचावा लागतो. तो वाचता येतो याचा आनंद मानावा, पण त्या कपाटाची किल्ली कोणाच्या हाती आहे हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

संशोधनाचे खुले माहितीसंचय, ज्यांना आज सर्रास डेटाबेस म्हणतात, हा विषय प्राध्यापकांचा आहे, चळवळीचा नव्हे, असे आमच्या काही कार्यकर्त्यांना वाटते. हा समज सोडला पाहिजे. त्यासाठी गिरणगावातलेच दुसरे उदाहरण पाहावे. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाच्या धुरळ्यात आयुष्य काढणाऱ्या कामगाराला बायसिनोसिस हा फुप्फुसांचा रोग जडतो. साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते, हे त्याचे आरंभीचे लक्षण. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात या रोगाची नोंद होती. पण रोगाची कायद्यात नोंद असणे निराळे आणि आपल्याला तोच झाला आहे हे सिद्ध करणे निराळे. हा विडीचा खोकला आहे, जुनाट दमा आहे, असे म्हणून कामगाराला वाटेला लावणे मालकाला सोपे होते. हा रोग आणि इतर कारणांनी होणारा श्वासनलिकांचा जुनाट विकार यांत फरक कसा ओळखावा, याच प्रश्नावर के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे अभ्यास केला. तो १९८१ साली एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले.

त्या काळी असा निबंध युनियनच्या कार्यकर्त्याच्या हाती पडणे जवळजवळ अशक्य होते. आज त्या निबंधाची नोंद पबमेडवर शोधली की क्षणात सापडते. गिरण्या गेल्या, चिमण्या पाडल्या गेल्या, पण धूळ काही गेली नाही. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे बांधणाऱ्या मजुराच्या छातीत आज सिमेंटची आणि दगडाची भुकटी जाते आहे. महापालिकेचा सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीवर उघड्या तोंडाने उभा आहे. त्याचा दावा लिहिताना ज्याच्या हाताशी शास्त्रीय पुरावा असेल त्याचे म्हणणे सहजासहजी उडवून लावता येत नाही.

अडचण येते ती नोंद सापडल्यानंतर. अनेकदा पूर्ण निबंध उघडू गेले की तीस-चाळीस डॉलरांची मागणी पुढे येते. म्हणजे एका लेखासाठी रोजंदारीच्या मजुराची कित्येक दिवसांची कमाई. हा जकातनाका कोणी बसवला? संशोधनाचा पैसा बहुतांशी सरकारचा, म्हणजे जनतेचा. निबंध लिहिणारा शास्त्रज्ञ प्रकाशकाकडून मोबदला घेत नाही. तो तपासणारे परीक्षकही सामान्यतः फुकट राबतात. गिरणीतल्या बदली कामगारालाही भरल्या दिवसाचा रोज मिळत असे. येथे तोही नाही. आणि छापून झालेला निबंध त्याच विद्यापीठांना वर्गणी लावून परत विकला जातो. एल्सेव्हिअर या सर्वांत मोठ्या प्रकाशकाची मालक कंपनी आपल्या वैज्ञानिक प्रकाशन विभागात सुमारे ३८ टक्के नफा दाखवते. कापडधंद्यातल्या कोणत्याही शेठजीने हेवा करावा असा हा आकडा आहे.

केंद्र सरकारने यावर ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्था यांतील विद्यार्थी-शिक्षकांना याचा लाभ होतो आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील मुलीला जे पूर्वी केवळ मोठ्या संस्थांतच मिळत असे ते आज मिळते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान धोरणाचा जो मसुदा सरकारने लोकांपुढे ठेवला होता, त्यात ही सोय देशातील प्रत्येक व्यक्तीसाठी असेल असे म्हटले होते. चार वर्षांनी योजना प्रत्यक्षात आली तेव्हा ‘प्रत्येक व्यक्ती’ गळून पडली होती. सरकारी संस्थेच्या पटावर ज्याचे नाव नाही असा युनियनचा कार्यकर्ता, खाजगी दवाखाना चालवणारा डॉक्टर, निवृत्त शिक्षक, गावातला पत्रकार हे सर्व नाक्याच्या बाहेरच राहिले. आणि नाका तर हलला नाहीच. जकात तेवढी सरकारने एकगठ्ठा भरली. वर्गणी थांबली की दार पुन्हा बंद.

ज्यांनी ही भिंत न जुमानता निबंध फुकट वाटले त्या ‘साय-हब’विरुद्ध एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ते स्थळ भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. याच न्यायालयाने २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध बड्या प्रकाशकांनी लावलेला दावा फेटाळला होता आणि शिक्षणासाठी केलेल्या प्रतींना कायद्याचे संरक्षण आहे असे ठरवले होते. दोन्ही खटल्यांची वस्तुस्थिती वेगळी आहे, हे खरे. तरी कायदा हा वाचकाच्या बाजूनेही वाचता येतो, एवढे त्यावरून दिसते. औषधांच्या बाबतीत १९७० च्या पेटंट कायद्याने या देशाने परदेशी मक्तेदारीला वेसण घातली होती. तसे काही ज्ञानाच्या बाबतीत करण्याची इच्छा आजच्या राज्यकर्त्यांत आम्हांला दिसत नाही.

वास्तविक पर्याय परळमध्येच उभा राहिला होता. के.ई.एम. रुग्णालयाशी जोडलेल्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापनाच मुळी शिक्षकवर्ग भारतीय असावा या अटीवर मिळालेल्या देणगीतून झाली. तेथील शिक्षकांच्या स्टाफ सोसायटीने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केले. इंटरनेट आल्यावर या नियतकालिकाने आपले लेख सर्वांना खुले केले. वाचकाकडून वर्गणीची सक्ती नाही आणि लेखकाकडूनही छपाईचे शुल्क नाही, असे धोरण ठेवले. ‘नेचर’सारखे नियतकालिक लेख खुला करण्यासाठी लेखकाकडून ९,५०० युरो मागेल असे २०२० साली जाहीर झाले, तेव्हा महापालिकेच्या रुग्णालयातील डॉक्टर हे काम शुल्काविना करीत होते! त्यांच्या या प्रयोगातूनच डॉ. डी. के. साहू यांची ‘मेडनो’ ही संस्था मुंबईत वाढली आणि तिने अनेक भारतीय वैद्यक नियतकालिके जगाला फुकट वाचता येतील अशी केली. २०११ साली ‘वोल्टर्स क्लुवर’ या डच कंपनीने मेडनो विकत घेतली. खुल्या ज्ञानाची सर्वांत यशस्वी देशी पेढी बाजारात आली तेव्हा तिला आधार द्यायला सार्वजनिक क्षेत्र पुढे आले नाही. ब्राझीलमध्ये मात्र साओ पाउलो राज्याच्या संशोधन निधीच्या बळावर १९९७ पासून ‘सायलो’ हा खुला संचय उभा राहिला आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देश त्यात सामील झाले. गरीब देशांना हे परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी तिकडे पाहावे.

अमेरिकन भांडारांवर विसंबून राहण्यातला धोका २०२५ च्या आरंभी दिसला. सत्तांतर होताच तेथील रोगनियंत्रण केंद्राच्या संकेतस्थळावरून आरोग्यविषयक पाने आणि आकडेवारी एकाएकी काढली गेली. न्यायालयाने आदेश दिल्यावर काही परत आली. जे फुकट मिळते ते आपले असतेच असे नाही.

तोवर जे उपलब्ध आहे ते कार्यकर्त्यांनी वापरावयास शिकले पाहिजे. आरोग्याच्या प्रश्नावर आधी पबमेडमध्ये नोंद शोधावी आणि पूर्ण मजकुरासाठी पबमेड सेंट्रल पाहावे. खुली नियतकालिके कोणती, हे २००३ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘डोआज’ या सूचीत कळते. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या भुरट्या नियतकालिकांपासून सावध राहण्यासही तिचा उपयोग होतो. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत, त्यांत मराठीतलेही आहेत, आपल्या जिल्ह्यातील पाणी, शेतमजुरी, स्थलांतर यांवर कोणी काय लिहिले हे तेथे पाहावे. निबंध कुलूपबंद असेल तर लेखकालाच पत्र लिहावे. बहुतेक शास्त्रज्ञ आनंदाने प्रत पाठवतात.

इंग्रजीची अडचण खरी आहे आणि ती एकट्या कार्यकर्त्याने सोसण्याजोगी नाही. दादरपासून गिरगावपर्यंतच्या ग्रंथालयांत आज विद्यार्थी स्पर्धा-परीक्षांसाठी जागा धरून बसतात. तेथेच आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या डॉक्टराने किंवा शिक्षकाने बसावे, कामगाराचा प्रश्न ऐकावा, निबंध शोधून त्याचा अर्थ मराठीत सांगावा, ही व्यवस्था पक्षाच्या शाखांना फारशा पैशांवाचून करता येईल. मागणी सरकारकडे करावयाची ती अशी: राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’चा लाभ कोणत्याही वाचकाला मिळावा, आणि सरकारी पैशाने झालेल्या प्रत्येक संशोधनाची प्रत देशातील सार्वजनिक भांडारात प्रसिद्धीच्या दिवशीच ठेवली जावी. प्रकाशकांशी झालेले करार २०२७ अखेर संपतात. नव्या वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी ही मागणी कामगार संघटनांच्या आणि विद्यार्थी संघटनांच्या ठरावांत आली पाहिजे.