परवानगी दिल्लीची, पंचनामा जिल्ह्याचा

अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर या गावी जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणारे, परंतु परवानगी नसलेले कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. पर्यावरण कायद्यात त्या वेळी अशा कृत्याला पाच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. कायदा केंद्राचा, पण नमुने घेण्याचे व गुन्हे नोंदविण्याचे काम राज्याच्या यंत्रणेच्या वाट्याला आले. विदर्भात या बियाण्याला ‘चोर बीटी’ असे रोखठोक नाव आहे. निंदणाची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी ते घेतो, आणि सरकी उगवली नाही तर पावतीअभावी त्याला कोठे दादही मागता येत नाही.

हा प्रकार आकस्मिक नव्हे. घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे शेती हा राज्यांचा विषय आहे. परंतु १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा संसदेने १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांच्या पूर्ततेसाठी केला, आणि त्याखालील १९८९ च्या नियमांनी जनुकबदल पिकांच्या परवानगीचा अधिकार केंद्रीय समितीकडे नेला. राज्यात मुख्य सचिवांची आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांची समिती आहे खरी. मात्र तिच्याकडे तपासणी, देखरेख आणि अहवाल. निर्णय नाही.

२०११ पासून चाचणीच्या शेतासाठी राज्याचे ना हरकत पत्र आवश्यक ठरविण्यात आले. म्हणजे चाचणीच्या तुकड्याला राज्याची संमती हवी, आणि देशभरच्या लागवडीसाठी मात्र नियमांत तशी अट नाही! बीटी वांग्याला केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली होती. नागपूरसह सात शहरांत सुनावण्या घेऊन आणि राज्यांचे आक्षेप विचारात घेऊन जयराम रमेश यांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ती स्थगित केली. राज्यांचे म्हणणे ऐकले गेले, पण ते मंत्र्यांच्या मर्जीने, कायद्याने नव्हे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ज्याच्यावर खर्च पडतो त्याला निर्णयात वाटा असावा. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातील कापूस पोखरला, तेव्हा पंचनामे करण्याची पाळी राज्यावरच आली. तथापि प्रत्येक राज्याने विषबाधेची व परागसंक्रमणाची परीक्षा स्वतंत्रपणे करावी, असे म्हणणे व्यर्थ होय. त्यासाठी लागणारे शास्त्रज्ञ सर्वत्र नाहीत, आणि बियाण्याच्या पाकिटाला राज्याची सीमा ठाऊक नसते. २००१ मध्ये गुजरातेत परवानगीविना बीटी कापूस उभा असल्याचे उघडकीस आले. केंद्राने तो नष्ट करण्याचा आदेश दिला, पण शेतातला कापूस बाजारात गेलाच.

तेव्हा विभागणी प्रश्नांच्या स्वरूपानुसार व्हावी. पीक सुरक्षित आहे काय, हे केंद्राने एकदाच आणि पुरावा प्रसिद्ध करून ठरवावे. ते आपल्या शेतीला, बाजारपेठेला, स्थानिक वाणांना मानवेल काय, हे राज्याने ठरवावे. युरोपीय संघाने २०१५ मध्ये जवळपास हाच मार्ग स्वीकारला: सुरक्षिततेचा निर्णय सामायिक, पण जमिनीचा वापर किंवा सामाजिक-आर्थिक परिणाम अशा कारणांवरून सदस्यराष्ट्राला आपल्या भूमीवर लागवड रोखण्याची मुभा. आपल्याकडे राज्यांना एवढा अधिकार द्यावयाचा तर कारणे लेखी देण्याचे आणि ठरावीक मुदतीत उत्तर देण्याचे बंधनही घालावे लागेल. फायलीवर मौन पाळून नकार देण्याची सोय सरकारांना फार प्रिय असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये जुलै २०२४ मध्ये जनुकबदल मोहरीच्या परवानगीबाबत मतभेद झाला. राज्यांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे, याविषयी मात्र त्यांचे एकमत होते. त्या धोरणात अधिकारांच्या वाटणीबरोबर जिल्हा समितीला बियाणे तपासण्याची साधने कोण पुरविणार आणि त्यांचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकातून होणार, हेही लिहावे लागेल. चोर बीटीचे पाकीट दिल्लीत नव्हे, तालुक्याच्या बाजारात विकले जाते.