शेवटची कुस्ती पुन्हा बरोबरीत

परवा आपल्याच भागातल्या एका जत्रेत कुस्त्यांचा फड बघून आलो. गावाचं नाव लिहीत नाही. पंच कमिटीतले निम्मे लोक ही पोस्ट वाचतात आणि पुढच्या वर्षीही मला तिथं जायचंय.

दुपारी तीनला नारळाच्या कुस्त्या सुरू झाल्या. हलगी कडकडत होती, पोरं लंगोट घालून रांगेत उभी होती. मग शंभर, दोनशे, पाचशे अशा चढत्या इनामाच्या कुस्त्या. त्यात शेजारच्या तांड्यावरचं एक पोरगं होतं, असेल सतरा-अठराचं. समोरचा त्याच्यापेक्षा पंधरा किलोनं तरी जड. पोरानं खडाखडीत वेळ घालवला नाही. पट काढायला गेला, जमलं नाही, परत गेला, आणि तिसऱ्यांदा त्या जड गड्याला असा उचलला की फडातली म्हातारी माणसं उठून उभी राहिली. चितपट! पाचशेचं इनाम होतं, लोकांनी वरून दहा-वीस-पन्नास करत तेवढेच आणखी दिले.

आणि मग मानाची शेवटची कुस्ती. फ्लेक्सवर दोघांचे फोटो, नावापुढं तीन-तीन किताब. पाहुण्यांचे सत्कार, फेटे, शाली, दोन भाषणं, यात पाऊण तास गेला. दिवस मावळायला आला तेव्हा हाताला हात लागला. पुढं चाळीस मिनिटं काय झालं? डोक्याला डोकं, मानेवर हात, ढकलाढकली, हौद्याच्या कडेला जाणं, पंचानं मधी आणणं. लोकं ओरडत होती, "ए, कुस्ती करा की!" शेवटी अंधार पडतोय म्हणून बरोबरीत सोडवली. इनाम दोघांत वाटलं, दोघांनी गर्दीला हात केला, गाडीत बसले, गेले.

याला आपल्याकडं नुरा कुस्ती म्हणतात. आम्ही पत्रकार हा शब्द राजकारणावर लिहिताना आठवड्यातून दोनदा वापरतो. मूळ फडात जाऊन तो वापरायची वेळ आली की मात्र आमचा पेन अडखळतो, कारण फडाची जाहिरात आपल्याच पेपरला असते.

आता कबुली देतो. मी कुस्तीच्या नादाला लागलो तो मातीमुळं नाही, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांमुळं. नव्वदीत शाळेत असलेल्या सगळ्यांना आठवत असतील. उंची, छाती, वजन, किती लढती जिंकल्या, सगळं पत्त्यावर. अंडरटेकरचा पत्ता असलेल्या पोराला वर्गात पाटलाचा मान होता. 'खिलाडियों का खिलाडी' १९९६ साली आला, त्यात अक्षय कुमारनं अंडरटेकरला उचलून आपटलं म्हणून आम्ही आठवडाभर भांडलो. पुढं कळलं की तो अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा दुसराच पैलवान होता. म्हणजे खोट्या कुस्तीतला खोटा माणूस!

"ते सगळं ठरलेलं असतं" हे घरातलं मोठं माणूस नेहमी सांगायचं. असतंच. कोण जिंकणार ते आधी लिहिलेलं असतं. तरी मी आजही मुलासोबत बसून बघतो. मला त्यात दिसणारी गोष्ट अशी की तिथं हरणं हे सुद्धा काम आहे. हरणाऱ्याला पैसे मिळतात. नवख्याला मोठं करायचं तर जुन्यानं पाठ टेकायची, हा त्या धंद्याचा रिवाज. जोड लावणाऱ्याला ठाऊक असतं की आज कोणाला वर आणायचं, कुठली लढत शेवटी ठेवायची आणि लोकांनी घरी जाताना काय बोलत जायचं. सगळं लिहिलेलं असूनही त्यांनी लोकांना चाळीस मिनिटं ढकलाढकली दाखवली तर पुढच्या आठवड्यात कुणी फिरकणार नाही.

आपल्याकडं कुस्ती खरी, घाम खरा, तुटलेला कान खरा. पण जोड लावताना कुणी डोकं लावत नाही.

आणि याचा दोष मी त्या दोन पैलवानांवर ढकलणार नाही. त्यांचा हिशोब बघा. हंगामात एका मागून एक फड असतात. एका फडात जोर लावला आणि गुडघा गेला तर पुढचे सगळे गेले. विमा नाही, पगार नाही. बदाम, तूप, दूध, मटण यांचा खुराक मात्र रोजचा. चितपट झाला तर पुढच्या गावात भाव पडतो. बरोबरीत सुटला तर निम्मं इनाम आणि भाव आहे तसा. मग शहाणा माणूस काय करेल? तुम्ही-आम्ही तेच करू. अट कमिटीनं घालायची असते. वीस मिनिटं निकाली, नंतर गुणांवर, पहिला गुण घेईल तो विजयी. कितीतरी मैदानांत हे होतं, तिथं अंधार पडायच्या आधी निकाल लागतो. आणि हरणाऱ्याचा वाटा आधीच ठरवून द्या, मग तो जीव तोडून लढेल. वर्गणी गावाची, मग जोड ठरवायचा अधिकार फक्त फ्लेक्सवरच्या फोटोवाल्यांचा का?

हे झालं जत्रेचं. वर काय चाललंय?

२०२३ या एका वर्षात महाराष्ट्र केसरीच्या तीन स्पर्धा झाल्या. जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे. नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेख, त्यानं राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत झोपवला. आणि त्याच महिन्यात आपल्या शेजारी धाराशिवला पुन्हा राक्षे. दोन संघटना, दोन गदा. २०२५ मध्येही तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके. पोरगं विचारतं, "बाबा, यातला खरा महाराष्ट्र केसरी कोणता?" काय सांगू? डब्ल्यूडब्ल्यूईमध्येही दोन बेल्ट असतात म्हणलं. ते हसलं. मला नाही हसू आलं.

१९६१ पासूनची ही स्पर्धा. सुरुवातीच्या काळात कुस्ती निकाली झाली नाही म्हणून किताब कुणालाच न देण्याची वेळही आली होती. आज एका वर्षात तीन.

अहिल्यानगरची ती लढत तुम्ही सगळ्यांनी मोबाईलवर दहा वेळा बघितली असेल. पंचांनी राक्षे चितपट दिला. राक्षेचं म्हणणं, पाठ टेकलीच नाही. नियम साधा आहे, दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत. राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. मग अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनं शेवटची काही सेकंदं राहिली असताना वाद घालून मैदान सोडलं. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचाच्या अंगावर जाण्याचं समर्थन मी करणार नाही, कुठल्याच वस्तादानं ते शिकवलेलं नसतं. पण वर्षभर घासलेल्या माणसाला "परत एकदा बघा" म्हणायची हक्काची जागा नसेल तर तो राग कुठं काढेल?

जुन्या पंख्यांना इथं मॉन्ट्रियल आठवलं असेल. ९ नोव्हेंबर १९९७. शॉन मायकल्सनं ब्रेट हार्टला त्याच्याच शार्पशूटर डावात धरलं. ब्रेटनं हार मानली नव्हती, तरी मालक विन्स मॅकमॅहननं घंटा वाजवायला लावली. ठरलेल्या कुस्तीत ठरलेलं मोडून एका पैलवानाला सगळ्यांसमोर फसवलं. इतकी वर्षं झाली, लोक अजून त्यावर बोलतात, कारण तिथं क्षणभर सगळं खरं झालं. आपल्याकडं उलटं होतं. खऱ्या कुस्तीत लोकांना क्षणोक्षणी वाटत राहतं की हे आधीच ठरलं होतं. ते खरं असो नसो, तसं वाटायला लागलं की फड संपला.

आता आपल्या मातीबद्दल. निलंगा तालुक्यातलं रामलिंग मुदगड. तिथले हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले. १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, आणि ती स्पर्धा लातूरलाच होती! पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. बेळगावच्या मैदानात त्यांनी सतपालला हरवलं ती कुस्ती म्हातारी माणसं अजून डावासकट सांगतात. पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं तयार केली. बीडच्या राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टचं सुवर्ण या आपल्या वस्तादाला अर्पण केलं. लातूरचेच काका पवार, अर्जुन पुरस्कार मिळवलेले, त्यांचं संकुलही पुण्यातच.

जानेवारी २०२० चा महाराष्ट्र केसरीचा शेवट आठवा. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपला लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, रोज एकाच आखाड्यात एकमेकांशी खेळणारे. अशी जोड लागली की लोकांच्या मनात पहिली शंका नुरा कुस्तीचीच येते. पण पोरं लढली, ३-२ नं निकाल लागला. हर्षवर्धन जिंकला आणि त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. मी लातूरकडचा, आपला माणूस हरला होता, तरी त्या दिवशी मी समाधानानं झोपलो. अशी कुस्ती कुणाला लिहून दाखवता येणार नाही, मॅकमॅहनलाही नाही.

लक्षात आलं का, यातलं प्रत्येक नाव पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जाऊन मोठं झालं. माती आपली, पोरगं आपलं, आणि घडवायला तिकडं पाठवायचं. मग वर्षातून एकदा त्याच तिकडच्या तालमीतले दोन पैलवान लाख रुपये देऊन आणायचे आणि बरोबरीत सोडवायचे. त्या लाखातले पन्नास हजार गावच्या तालमीच्या गादीला घातले तर? माती पावसात भिजते, स्पर्धा गादीवर असते, आणि आपल्या कितीतरी गावांतली पोरं पहिल्यांदा गादीवर पाय ठेवतात तेच जिल्ह्याच्या निवड चाचणीला. तिथं मातीतला चांगला गडी सहा मिनिटांत गुणांवर मार खातो, कारण गुण कसे पडतात हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

माळेगावला खंडोबाच्या यात्रेत दंगल होते, लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत कुस्त्या होतात. नांदेड-लातूरच्या या दोन मोठ्या मैदानांनी मनावर घेतलं तर बाकीची गावं मागं येतील. निकाली कुस्तीची अट आधी जाहीर करा, दोन्ही जिल्ह्यांतल्या पोरांच्या जोडी वजन करून लावा, आणि शेवटच्या कुस्तीआधीचे सत्कार दहा मिनिटांत उरका. पुढाऱ्यांना फेटा बांधायला माझी ना नाही, पण हलगी थांबवून नको.

त्या तांड्यावरच्या पोराला फड सुटल्यावर गाठलं. वडील सोबत होते, ऊसतोडीला जातात म्हणाले. पोरगं पुण्याला जायचं म्हणतंय. तालमीत राहायची सोय होईल, पण खुराकाचा महिन्याचा खर्च ऐकून वडील बोटांवर मोजत होते, आणि मधेच थांबून मला विचारलं, "साहेब, त्या शेवटच्या दोघांला किती मिळाले म्हणता?"

मी आकडा सांगितला नाही. गर्दी ओसरत होती, त्यांना शेवटची बस गाठायची होती.