ग्रहण पाहायचे, पण कशातून?

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी दुपारनंतर, सूर्यग्रहण आहे. आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल. अर्थात पावसाळी ढगांनी वाट दिली तर. घरातली पोरे तेव्हा डोळ्याला काय काय लावून वर पाहायला निघतील, याचा विचार आधीच करून ठेवा.

१६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण जुन्या मंडळींना आठवत असेल. हुबळी-रायचूरकडे सूर्य पुरता झाकला गेला होता. तेव्हा कोणी चिमणीच्या काजळीने काच काळी केली, कोणी एक्स-रेची फिल्म धरली, कोणी परातीत शेण कालवलेल्या पाण्यात सूर्य पाहिला. तिन्ही उपाय घातकच. काच काळी झाली म्हणजे भागले, असे आपण समजतो. पण डोळ्याला न दिसणारे किरण तिच्यातून आरपार येतात. उजेड मंद वाटल्याने माणूस टक लावून बसतो, हे आणखी वाईट. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजला तरी तेव्हा काहीच जाणवत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो, आणि कधी तो जन्मभर राहतो.

वेल्डिंगवाल्याची काच चालते का? १४ नंबरची चालते. त्याच्या रोजच्या वापरातली बहुधा १० किंवा ११ नंबरची असते, ती नको. ‘काळीच आहे की’ एवढ्यावर विसंबू नका, नंबर वाचा.

ग्रहणाचा चष्मा घ्याल तर त्यावर आयएसओ १२३१२-२ असे छापलेले पाहा. छापायला काय, कोणीही छापतो. म्हणून चष्मा लावून घरात पाहा. भांडीकुंडी, माणसे दिसली तर तो चष्मा कामाचा नाही. ओरखडा किंवा भोक असेल तर फेकून द्या. तो लावून दुर्बिणीतून मात्र कधीच पाहू नका.

मला विचाराल तर चाळणीसारखे साधन नाही. गोल भोकांची चाळणी घ्या, सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि तिची सावली पांढऱ्या भिंतीवर पाडा. प्रत्येक भोकातून एकेक कोर उमटेल. किंवा लहान आरशावर कागद चिकटवून त्याला हरभऱ्याएवढे भोक पाडा आणि कवडसा घरातल्या अंधाऱ्या भिंतीवर टाका. भिंत दहा मीटरवर असेल, तर सूर्य सुमारे ९ सेंटिमीटरचा दिसतो. आरशात मात्र कोणी डोकावू नये. ओसरीवर बसल्याबसल्या आजीलाही ग्रहण दिसेल.