मोहल्ल्याच्या नकाशाबाहेर

"प्लॅनिंगमध्ये मास्टर्स करतेय," असे सांगितले तेव्हा खालाने आधी अम्मीकडे पाहिले, मग हळूच विचारले, "फॅमिली प्लॅनिंग?" घरात हशा पिकला. मीही हसले. आमच्या खानदानात डी.एड., बी.एड., फार्मसी आणि अलीकडे नीट, एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रादेशिक नियोजन नावाच्या विषयात एम.प्लॅन. ही दोन वर्षांची पदवी मिळते, हे कुणी ऐकलेच नव्हते. एम.ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मीही ऐकले नव्हते.

मी यंत्रमागाच्या शहरात वाढले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोकळी जागा होती. सगळे तिला 'स्कूल का प्लॉट' म्हणत. का म्हणतात, ते कुणालाच सांगता येत नसे. मी बारावीत असताना तिथे दुकानांच्या इमारतीचा पाया खोदला गेला. कुणी पैसे खाल्ले, आपल्या विरोधात कुणी कट केला, यावर मोहल्ल्यात आठवडाभर चर्चा झाली. पुढे एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी शहराचा जुना विकास आराखडा उघडला. ती जागा खरोखरच शाळेसाठी आरक्षित होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही प्रशासन हलले नाही, तर आरक्षण रद्द होते. तेच झाले होते. प्रशासनाची उदासीनता खरीच होती. पण त्या १० वर्षांत 'आमची शाळा कुठे आहे?' असा एक साधा अर्जही मोहल्ल्यातून गेला नव्हता, हेही खरे होते. त्या दिवशी मी ठरवले की हाच विषय शिकायचा.

मित्रमैत्रिणींनो, हा विषय आपल्यापासून लांबचा वाटतो, पण तसा तो नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की देशातल्या एकूण लोकसंख्येच्या तुलनेत मुसलमान जास्त प्रमाणात शहरांत राहतात. महाराष्ट्रात तर आपल्यातले बहुसंख्य शहरवासी आहेत. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला गेली. माणसे आधी पोहोचली; पाणी, गटारे आणि शाळा मागून येत राहिल्या. वस्ती कुठे वाढणार, रस्ता कुठून जाणार, दवाखाना कुठे होणार, हे ज्या कागदावर ठरते, त्या कागदाशी आपला संबंध बहुतेक वेळा बुलडोझर आल्यावरच येतो.

आणि आपण मागतो तरी काय? कब्रस्तानाची जागा मागतो, आणि ती मागायलाच हवी. पण मुलींसाठी अभ्यासिका, खेळाचे मैदान, स्वच्छतागृह, बालवाडी यांसाठी किती जण सूचना देतात? प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरलेल्या मुदतीत कुणीही नागरिक लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो आणि त्यावर सुनावणी होते. हा हक्क वापरायला जमातीच्या पुढाऱ्याची शिफारस लागत नाही. नकाशा वाचता यावा लागतो, एवढेच.

मी शहर नियोजनाऐवजी प्रादेशिक नियोजन का निवडले, असे अब्बांनी विचारले होते. मी त्यांचेच उदाहरण दिले. ते राहतात एका पालिकेच्या हद्दीत, काम करतात शेजारच्या ग्रामपंचायतीतल्या कारखान्यात, उपचारासाठी जातात जिल्ह्याच्या गावी, आणि आमच्या नळाला पाणी येते तिसऱ्याच तालुक्यातल्या धरणातून. हा सगळा पट एकत्र पाहणे म्हणजे प्रादेशिक नियोजन. अब्बा म्हणाले, "मतलब सबका हिसाब एक कागज पे." मला इतकी सोपी व्याख्या वर्गातही मिळाली नाही.

तिसऱ्या सत्रात आम्ही एका जिल्ह्याच्या पाहणीला गेलो. आठवडी बाजाराला कुठल्या गावाहून किती माणसे येतात, हे मोजत फिरलो. एका गावात ओट्यावर बसलेल्या बायका आधी माझ्या ओढणीकडे पाहत राहिल्या. मग एकीने विचारले, "ताई, कॉलेजच्या वेळेला एसटी मिळंल का? नाहीतर पोरीचं बारावीनंतर बंद करणार हाये तिचा बाप." अगदी हेच वाक्य मी आमच्या मोहल्ल्यात कितीदा ऐकले होते, फक्त दखनीत. मी 'आपल्या लोकांसाठी' काहीतरी करायचे म्हणून या शिक्षणात आले होते. त्या ओट्यावर 'आपले लोक' या शब्दाचा माझा अर्थ बदलला. बस नसल्याचा तोटा त्या पोरीला आणि माझ्या बहिणीला सारखाच होतो.

कुणी म्हणेल, हे आपले क्षेत्र नाही. गुलाम म्हणून दख्खनमध्ये आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. शहर, पाणी आणि महसूल यांचा विचार त्याने एकत्र केला. त्याच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याचे काम शिकायला काय हरकत आहे?

आता अडचणी. वास्तुशास्त्र, नियोजन किंवा सिव्हिलच्या पदवीधरांप्रमाणे भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्यांनाही अनेक संस्था घेतात. निकष मात्र प्रत्येकीचे वेगळे असतात. गेट परीक्षेत 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग' असा पेपर आहे. वैध स्कोअर असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते, आणि माझ्या वसतिगृहाचा खर्च त्यातूनच निघाला. पहिले सहा महिने इंग्रजीमुळे मी वर्गात तोंड उघडले नाही. जीआयएस शिकताना रडले. नोकरीचे म्हणाल, तर नगररचना विभाग, महानगर प्राधिकरणे, सल्लागार कंपन्या आणि संशोधन संस्था आहेत. पण काही सरकारी पदांना मूळ पदवी सिव्हिलची किंवा वास्तुशास्त्राचीच लागते. जाहिरातीतली अट आधी वाचा, मग स्वप्न पाहा.

एका पदवीने अन्याय संपेल, असा माझा दावा नाही. आराखड्यात राजकारण असते, पैसा असतो, पूर्वग्रहही असतो. पण ज्या खोलीत रेषा आखली जाते, तिथे वस्तीत राहिलेले कुणी असले, तर निदान त्या रेषेखाली कोणाचे घर आहे हे मोठ्याने सांगता येते.

प्रत्येकाने नियोजनकार व्हावे, असे माझे म्हणणे नाही. तुमच्या शहराचा विकास आराखडा एकदा तरी पाहा. आधी तुमचे घर शोधा, मग तुमच्या गल्लीतला 'स्कूल का प्लॉट' शोधा. तो लागू होऊन किती वर्षे झाली, ते मोजा. १० पूर्ण व्हायची असतील, तर आजच अर्ज लिहा. लिहायला अडले, तर माझ्यासारखी एखादी शेजारी शोधा. आणि शेजारी तशी कुणी नसेल, तर तुम्हीच का होऊ नये?