चोवीस तासांची अट

मनाच्या दुखण्याची लाज आपल्या घरांतून पुष्कळ कमी झाली आहे. सून, मुलगा, क्वचित आजोबाही समुपदेशकाकडे जातात आणि तसे सांगतातही. आता आडवा येतो तो खर्च. एका बैठकीचे दीड हजार रुपये धरले, तर आठवड्याला एक या हिशेबाने महिन्याचे सहा हजार होतात. मग चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर माणूस ‘आता बरं वाटतंय’ म्हणतो आणि जाणे थांबवतो.

विमा आहे ना, असे कोणी म्हणेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला. शारीरिक आजाराला जसे विमासंरक्षण, तसेच मानसिक आजारालाही द्यावे, असे त्याचे कलम २१ सांगते. २०२२च्या ऑक्टोबरात विमा नियामकाने कंपन्यांना पुन्हा तेच बजावले. पण बहुतेक पॉलिसींत मेख आहे ती चोवीस तासांची. रुग्णालयात दाखल व्हा, मग पैसे मागा! समुपदेशन तर तासाभराचे. खाट नाही, सलाईन नाही, म्हणून दावाही नाही. म्हणजे समानता कागदावर राहिली. माणूस पुरता कोसळला तर विमा धावणार. कोसळू नये म्हणून केलेला खर्च मात्र त्याच्याच खिशातून.

मी बँकेत कर्जखाती सांभाळली आहेत. एक हप्ता चुकला की आम्ही कर्जदाराला बोलावून घेत असू. खाते बुडेपर्यंत वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी शहाणा म्हटले नसते. विम्याचा व्यवहार नेमका तसा चालला आहे.

बैठकांना अंत नसतो आणि खरा तज्ज्ञ कोण हे कळत नाही, ही कंपन्यांची अडचण खोटी नाही. पण तिला उत्तर आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. अशा नोंदणीकृत तज्ज्ञाकडच्या वर्षाला बारा बैठका मूळ पॉलिसीतच द्याव्यात. मोतीबिंदूला मर्यादा घालता येते, तर इथे का नाही?

तोवर नूतनीकरणाच्या वेळी बाह्यरुग्ण खर्चाचे कलम वाचून घ्यावे. सरकारी रुग्णालयांतले मनोविकार विभाग अल्प खर्चात उपचार करतात. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा दूरध्वनी विनामूल्य आहे. आणि घरात कोणी ‘बरं वाटतंय’ म्हणून जाणे थांबवले, तर जवळ बसून एकदा विचारावे : बरं वाटतंय, की परवडत नाही?