बेअरिंग का जाते?

उसाला पाळी सुरू असते आणि नेमकी तेव्हाच मोटार अडते. निदान ठरलेले असते : ‘बेअरिंग गेलंय.’ मोटार शिवाजी उद्यमनगरात येते, जुने बेअरिंग निघते, नवे बसते. चार महिन्यांत तीच मोटार पुन्हा त्याच दारात! मग आपण बेअरिंगच्या कंपनीला बोल लावतो. माझे म्हणणे असे, की अनेकदा बेअरिंग हा गुन्हेगार नसतोच. तो मार खाणारा असतो. मारणारे असते फिरणारे चाक.

साधा हिशेब पाहा. एखाद्या चाकाच्या मध्यापासून 30 सेंटिमीटरवर फक्त 10 ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर तेवढेच वजन आसाला सुमारे 7.5 किलोच्या भाराने ओढते. हा ओढा स्थिर नसतो. सेकंदाला 25 वेळा दिशा फिरवतो. वेग दुप्पट केला, की ओढा चौपट, म्हणजे 30 किलो! बॉल बेअरिंगचे गणित तर याहून कठोर. भार दुप्पट झाला, तर आयुष्य निम्मे नव्हे, एक-अष्टमांश होते. फाजील ताणलेला पट्टा आणि वाकडे बसलेले कपलिंग हीदेखील अशीच न दिसणारी ओझी.

फिरत्या चाकाची दुसरी खोड भोवरा खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सायकलचे पुढचे चाक काढा, आसाची दोन्ही टोके हातांत धरा आणि मुलाला ते जोरात फिरवायला सांगा. आता चाक डावीकडे वळवून पाहा. ते वळण्याऐवजी कलायला लागते. एक टोक दोरीला टांगून दुसरे सोडले, तर चाक पडत नाही, दोरीभोवती संथपणे फिरू लागते. वजन मात्र कुठे जात नाही. ते सगळे दोरीवरच असते.

जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेल्या मोटारीत हा प्रकार उद्भवत नाही. पण वळणारी मोटारसायकल, हेलकावणारे जहाज, दिशा बदलणारे विमान यांच्या फिरत्या भागांत तो असतोच. तेव्हा आसाच्या एका बेअरिंगवर एका दिशेने दाब येतो, दुसऱ्यावर नेमका उलट. दोन बेअरिंगे जितकी जवळ, तितका हा दाब जास्त.

‘याच गुणामुळे सायकल तोल सांभाळते,’ असे आपण शिकत आलो. 2011 मध्ये संशोधकांनी उलट्या फिरणाऱ्या चाकांनी हा परिणाम रद्द केलेली सायकल बनवली. तीही स्वाराविना तोल सांभाळून धावली. म्हणजे हा गुण मदत करू शकतो, पण सगळे श्रेय त्याचे नाही. पुस्तकातले वाक्यही असे हातात घेऊन तपासावे लागते.

आपल्या भागाला हे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानातून झाली. नांगर आणि किर्लोस्करवाडी नंतरची. ते शिक्षकही होते आणि कारागीरही. आज कोल्हापुरात हे दोघे वेगवेगळ्या गल्ल्यांत राहतात. स्क्रू-ड्रायव्हरचे एक टोक मोटारीला आणि दुसरे कानाला लावून बेअरिंगचा आवाज ओळखणारे मेस्त्री मी पाहिले आहेत. त्यांना सूत्र कुणी सांगितलेले नाही. सूत्र पाठ असलेले विद्यार्थीही पाहिले. त्यांनी फिरते चाक हातात धरलेले नाही.

ही भेट घडवायला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक शाळेत सायकलचे एक चाक असावे. महाविद्यालयाने मेस्त्रीला वर्गात बोलवावे आणि मुलांना त्याच्या लेथपाशी धाडावे. आणि आपण गिऱ्हाइकांनी बेअरिंग बदलताना एवढे तरी विचारावे, ‘मेस्त्री, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट बघितली का?’ हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइके वाढली, तर मेस्त्रीच्या पोराला आपल्या बापाच्या कानाची किंमत कळेल आणि ती कला त्याच्याबरोबर संपणार नाही.